सुनंदाताईच्या नावावरचं सिम

सुनंदाताई.

आधी हे नाव लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी बी.एस्सी. झालो, अमरावतीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो, आमच्या घरात पहिल्यांदा कुणाच्या नावापुढे पदवी लागली — या सगळ्याला सगळ्यात जास्त कारण झालेलं माणूस ती आहे. आणि तिच्याशी मी काय केलं, हे गेल्या जुलैपर्यंत कुणालाही ठाऊक नव्हतं. आई गेली, तिला सांगितलं नाही. वैशालीला — माझ्या बायकोला — वाटायचं की मी तिच्यापासून काही लपवत नाही. तिलाही सांगितलं नव्हतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? नाही. सोपं नाहीच. पण ठरवलं आहे.

सुरुवात कुठून करू? सिमपासूनच करतो.

गेल्या जुलैत एका सोमवारी सकाळी माझ्या फोनवरच्या नेटवर्कच्या काड्या गेल्या. 'सिम टाका' असं येऊ लागलं. सिम तर आतच होतं. काढून पाहिलं. वीस वर्षांचं जुनं सिम — आधी मोठं होतं, मग एका दुकानदाराने कटरने कापून लहान केलं, पुढच्या फोनसाठी आणखी लहान. सोनेरी भाग घासून पांढुरका पडला होता. कापसाने पुसलं, फुंकर मारली, उलटं-सुलटं करून पाहिलं. काही नाही. मेलं होतं.

"नवा नंबर घेऊन टाका ना," वैशाली म्हणाली. "एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात? बँक त्या नंबरला जोडलेली, आधार त्याला जोडलेलं. पण ते एक वेळ बदलता आलं असतं. खरी अडचण समीक्षाची होती.

समीक्षा ही सुनंदाताईची मुलगी. त्याच उन्हाळ्यात दहावी झाली, चांगले मार्क मिळाले. पॉलिटेक्निकचा तिचा फॉर्म मी भरला होता. मोबाईल नंबरच्या रकान्यात ताईने माझाच नंबर टाकायला लावला. "माहा फोन कधी चार्ज राह्यते, कधी नाई राह्यत," ती म्हणाली होती. "तुहा नंबर पक्का." यादी लागली, पोरीला अकोल्यात जागा मिळाली. ती जागा पक्की करायची तर माझ्या नंबरवर येणारा ओटीपी टाकावा लागणार होता. मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आणि सोमवारी सिम मेलं.

मंगळवारी मी अमरावतीत मोबाईल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या अधिकृत दुकानात, गेलो. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, हा नंबर तुमच्या नावावर नाही."

मला ते माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं — वीस वर्षांत एक दिवसही विसरलो नव्हतो. ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच यावं लागेल, त्या म्हणाल्या. फोटो काढावा लागतो, अंगठा लागतो.

आता हे सिम तिच्या नावावर कसं, ते सांगतो.

मूर्तिजापूरच्या पुढे, गावाच्या कडेला आमची वस्ती. सुनंदाताई शेजारच्या घरातली. नात्याने कुणी नाही. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. वस्तीतली बारावी झालेली पहिली मुलगी. मी आठवीत बीजगणितात गटांगळ्या खात होतो तेव्हा तिने मला अंगणवाडीच्या ओट्यावर बसवून समीकरणं शिकवली, पाटीवर नाही, खडूने फरशीवर. माझे बाबा मला शाळेतून काढून कापूस वेचायला न्यायच्या बेतात होते तेव्हा ती त्यांच्याशी भांडली. "काका, याले काहाडून तं पाहा. मी दाराले येऊन बसतो का नाई ते बी पाहा." बाबा हसले, आणि माझी शाळा राहिली. ते वारले तेव्हा मी दहावीत होतो. पुढे मी अमरावतीला कॉलेजला निघालो, तर मोबाईल घ्यायला माझं वय अठरा नव्हतं. तिने आपलं मतदार कार्ड आणि दोन फोटो दिले आणि स्वतःच्या नावावर सिम काढून माझ्या हातावर ठेवलं. "आता तू वस्तीचा फोन," म्हणाली.

आणि तसंच झालं. हे तुम्हाला नीट कळायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्याकडे ज्याच्या घरी मोबाईल नाही तो फॉर्मवर कुणाचा तरी नंबर लिहितो — आणि शिकलेल्या पोराचा नंबर असला तर सगळे त्याचाच लिहितात. गॅसच्या पुस्तकावर माझा नंबर. कुणाच्या भरतीच्या फॉर्मवर माझा नंबर. मी अमरावतीला होस्टेलवर, आणि फोन यायचा वस्तीतल्या कुणासाठी तरी. मग मी किराणा दुकानातल्या लँडलाइनवर फोन करायचो, दुकानदार ओरडून बोलावायचा, निरोप जायचा. मला त्याचा अभिमान होता. मी एकही निरोप चुकवला नाही. कुणाची बस, कुणाचा दवाखाना, कुणाचं बोलावणं — सगळे दिले.

एक सोडून.

बुधवारी सकाळी ताई अकोल्याला आली. मी अमरावतीहून गेलो, ती तिच्या सासरच्या गावाहून मूर्तिजापूरमार्गे. ठेवणीतली पातळ निळी साडी, हातात कापडी पिशवी. आल्या-आल्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. "तरोट्याची भाजी हाय. वैशालीले दे. तुह्या अमरावतीत भेटते काय?" मग लगेच, "चाल चाल. पोरीचं काम हाय."

गॅलरीत नवीच अडचण निघाली. सिम तिच्या माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, जुनं नाव दाखवणारं काही आहे का? दाखला वगैरे?"

"हाय ना," ताई म्हणाली. "मले वाटलंच होतं."

आणि तिने पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली.

ती फाईल मी ओळखली. निळी, बटणाची, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. ती फाईल ताईने एके काळी दोन महिने दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. फोन आला की घ्यायची आणि निघायचं, म्हणून. तिने शाळा सोडल्याचा दाखला काढला. तो काढताना खालची बारावीची गुणपत्रिका वर आली आणि तिला टाचलेली एक पावती — फॉर्म भरल्याची, नर्सिंगच्या प्रशिक्षणाची. पावतीवर बॉलपेनने लिहिलेला संपर्क क्रमांक. अक्षर ताईचं. नंबर माझा.

ती ते कागद आत सरकवत म्हणाली, "हे काहून सांभाळून ठेवलं काय माईत. फेकवत नाई."

मी काउंटरवरच्या टेबलाकडे बघत राहिलो.

मग अंगठा. तिचा अंगठा उमटेना. उजवा, डावा, पुन्हा उजवा. मशीन लाल होऊन पीं करायचं. मुलगी म्हणाली, "काकू, रेषाच घासल्या तुमच्या. हात धुऊन या बरं एकदा."

"कढया घासून गेल्या त्या. अंगनवाडीत चाळीस पोट्टे जेवतात आमच्या." हसत हसत ती नळाकडे गेली. शेवटी कुठल्या बोटाने काम झालं कोण जाणे, पण झालं.

ताई अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, मुलांना घरून आणते, वजनकाट्यावर धरते. तिच्या गावात कुणाला ताप आला, कुणाच्या बाळाला जुलाब लागले की बायका आधी तिच्याकडे येतात. ती कपाळाला हात लावून पाहते, मीठ-साखरेचं पाणी सांगते आणि प्रत्येक वेळी म्हणते, "मी काई नर्स नाई व माय. दवाखान्यात ने." हे वाक्य मी तिच्या घरी गेलो की ऐकतो. प्रत्येक वेळी.

फॉर्म भरता भरता मुलीने विचारलं, "नंबर तुम्ही स्वतःच वापरता ना काकू?"

"मंग कोन वापरनार? मीच," ताई म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही.

बाहेर आल्यावर मात्र पदर तोंडाला लावून हसली. "रोज पंचशील घेतो आपन, आन् आज तुह्यापायी चौथं शील मोडलं पाय मी. खोटं बोलली."

मला हसता आलं नाही. तिला वाटलं, मी मुदतीच्या काळजीत आहे.

सिम चालू व्हायला दोन ते चार तास लागतील, असं मुलीने सांगितलं होतं. गॅलरीसमोर चहाच्या टपरीचा बाक होता, तिथे बसलो. नवं सिम घातलेला फोन ताईने स्वतःच्या तळहातावर धरून ठेवला होता, काचेची वस्तू धरावी तसा. दर थोड्या वेळाने माझ्यापुढे करायची.

"आला काय?"

"नाही ताई."

हे दोन शब्द तोंडातून निघाले आणि मी हातातला कप बाकावर ठेवला. कारण हा प्रश्न आणि हे उत्तर — दोन्ही जुनीच होती. हुबेहूब.

आता सांगतो. आणखी फिरवत नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षा तीन आठवड्यांवर. त्या हिवाळ्यात आईला लकवा मारला होता, डावी बाजू गेली होती. मी कॉलेज सोडून घरी यायला निघालो तर ताईनेच मला परत पाठवलं. ती रोज सकाळी आमच्या घरी जायची, आईची अंघोळ घालायची, गोळ्या द्यायची, भाकर कुस्करून भरवायची. तिचं स्वतःचं बारावीनंतर काहीच झालं नव्हतं — घरची शेतीमजुरी, मग धाकट्यांची शाळा. त्याच वर्षी तिने उशिराने अकोल्याच्या एका नर्सिंग प्रशिक्षण केंद्राचा फॉर्म भरला होता. प्रतीक्षा यादीत नाव होतं, वरून चौथं. नाव लागलं की फोन येणार होता. माझ्या फोनवर.

दुपारची वेळ. होस्टेलच्या व्हरांड्यात मी सेंद्रिय रसायनाच्या वह्या घेऊन बसलो होतो. फोन वाजला. पलीकडे वयस्कर गृहस्थ होते, आवाज चांगला होता, घाईतला नव्हता. सुनंदा आहेत का? मी म्हणालो, मी त्यांचा भाऊ बोलतो. ते म्हणाले, त्यांचं नाव लागलं आहे. उद्या बारा वाजेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन यायला सांगा.

मी विचारलं, तिथेच राहावं लागतं का?

हो, ते म्हणाले, वसतिगृह आहे.

तुम्हाला वाटेल, मी निरोप द्यायला विसरलो. किंवा दुकानाचा फोन लागला नाही. असं काही असतं तर मी हे लिहायला बसलो असतो का?

मी म्हणालो, "त्या येणार नाहीत. त्यांचा विचार बदलला आहे."

त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. "नक्की का?" असं विचारलं. "मग पुढचं नाव घेऊ?"

मी म्हणालो, "घ्या."

एवढंच. स्वच्छ, पुस्तकी मराठीत. ती भाषा बोलायला मला कुणी शिकवलं होतं? ताईनेच. कॉलेजात पोरं हसतील म्हणून, 'मले-तुले' बाजूला ठेवून 'मला-तुला' म्हणायचा सराव तिने माझ्याकडून त्या ओट्यावर करून घेतला होता.

संध्याकाळी तिचा दुकानातून फोन आला. आईने आज दीड भाकर खाल्ली, डाव्या हाताने कप धरला, हे सांगायला. शेवटी म्हणाली, "माहा काई फोन आला काय रे?"

"नाही ताई."

पुढचे दोन महिने ती विचारत राहिली. दर दोन-तीन दिवसांनी. मी दर वेळी तेच दोन शब्द. आपण मध्ये फोन करून त्रास दिला तर नाव कापतील, अशी तिला भीती वाटायची, म्हणून तिने केंद्रात विचारलं नाही. मग एकदा विचारायचं थांबली. फाईल खिळ्यावरून उतरवली. "माहे मार्कच कमी पडले," म्हणाली. पुढच्या वर्षी फॉर्म भर म्हणून मीच तिला म्हटलं — हो, मी म्हटलं, माझीच जीभ — तर ती म्हणाली, "जाऊ दे. एकदा पाह्यलं ना. आपलं तेवढं नाई डोकं." त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

आता तुम्ही म्हणाल, आईपायी केलंस. ताई गेली असती तर आईला कोणी पाहिलं असतं? वर्षानुवर्षं मीही स्वतःला हेच सांगत आलो. आई, परीक्षा, माझं वय. हे सांगितलं की रात्र निघते.

पण ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे मला त्या दुपारीही माहीत होतं. फोन आला त्याच्या दोनच दिवस आधी मोर्शीच्या मावशीचा निरोप आला होता. ती म्हणाली होती, मी येऊन राहतो तुह्या मायजवळ, तू मन लावून परीक्षा दे. मी तिला नको म्हणालो होतो. मावशी तोंडाची कडक. ती आली असती तर दर रविवारी मला घरी बोलावलं असतं, पाणी भरायला लावलं असतं, पोरगा असून मायचं काही करत नाही म्हणून चारचौघांत सुनावलं असतं. ताई असं काही करत नव्हती. ताई फोनवर फक्त एवढंच सांगायची की दीड भाकर खाल्ली. मला ते सोयीचं होतं. बस्. माझी सोय.

आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. वस्तीतून बाहेर पडून पहिल्यांदा पांढऱ्या कपड्यांतली नोकरी मिळवणारा मी असणार होतो. सगळे तसं म्हणायचे, तीसुद्धा म्हणायची. आणि त्या फोनच्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं — ही माझ्या आधी. हे मनात येऊन गेलं, हे मी इथे लिहून ठेवतो. ज्या बाईने मला समीकरणं शिकवली, तिच्याबद्दल.

आई दीड वर्षाने गेली. तेव्हा सांगता आलं असतं. मला नोकरी लागली, तेव्हा सांगता आलं असतं — पेढे घेऊन मी पहिल्यांदा तिच्याच घरी गेलो होतो, आणि तिने शेजारणींना बोलावून सांगितलं होतं, "हा माहा भाऊ." समीक्षा झाली तेव्हा. किती वेळा. प्रत्येक वेळी मी काहीतरी नेऊन दिलं — साडी, पोरीला पुस्तकं, मिक्सर — आणि प्रत्येक वेळी तिने वैशालीला सांगितलं की यानं माझे पांग फेडले.

परत त्या बाकावर येतो.

चार वाजायला आले होते. ताईने चहाचा दुसरा कप बशीत ओतला. रस्त्यापलीकडून पांढरा गणवेश घातलेल्या दोन मुली गेल्या, कुठल्यातरी दवाखान्यातल्या. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, पाहत राहिली, मग काही झालं नाही अशा तऱ्हेने बशी तोंडाला लावली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "ताई, एक सांगायचं होतं," एवढं म्हणालो.

तेवढ्यात तिच्या तळहातावरचा फोन थरथरला. काड्या आल्या. एक, दोन, मग चार.

"आला!" ती म्हणाली. बशी बाकावर ठेवून उठून उभीच राहिली. "आला रे! पाय, पाय. पोरीचा ओटीपी पाय."

ओटीपी आला नव्हता. येणारही नव्हता. काउंटरवरच्या मुलीने सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली — सिम बदललं की पुढचे चोवीस तास मेसेज बंद राहतात, कुणी दुसऱ्याचा नंबर पळवू नये म्हणून. म्हणजे उद्या चारपर्यंत. मुदत पाचला. एक तास हातात.

"मंग जमते ना?" तिने विचारलं.

"जमते," मी म्हणालो.

"काय सांगून राहिला होता तू?"

"काही नाही. नंतर."

तिने माझ्याकडे जरा पाहिलं. मग पिशवी उचलली. "हे सिम आता तुह्या नावावर करून घे. मी कुठवर तुह्यासाठी अंगठे देऊ?" आणि हसत बसस्टँडकडे निघाली. मी तिला मूर्तिजापूरच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "भाजी निवडून घेजो म्हना वैशालीले. कवळीच हाय."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं. चार गोष्टी, याच क्रमाने. आधी समीक्षाची जागा पक्की. मग तिच्या फॉर्मवरून माझा नंबर काढायचा. मग पत्र. मग वैशालीला तेच पत्र वाचायला द्यायचं. फोनवर सांगायचं नाही. फोनवर ती मला थांबवेल, जाऊ दे म्हणेल, रडू नको म्हणेल — आणि मी तिला तसं म्हणू देईन. पत्र थांबवता येत नाही.

गुरुवारी रजा टाकली. दुपारी साडेतीनपासून संगणकासमोर बसून होतो. चार वाजले. चार पाच. चार दहा. चार चौदाला अडकून पडलेले सगळे मेसेज एकामागून एक येऊ लागले — बँकेचे, विजेचे, कुठल्या कुठल्या दुकानांचे. मी पुन्हा ओटीपी मागवला. सहा आकडे आले. टाकले. जागा पक्की झाल्याचं पान उघडलं, त्याची प्रत काढून ठेवली. मग नंबर बदलण्याचं पान उघडलं. त्यासाठी एक ओटीपी माझ्या नंबरवर आला आणि एक ताईच्या. तिला फोन केला, तिने आकडे वाचून दाखवले, एकेक, शाळेतल्यासारखे मोठ्याने. "कशाचा हाय हा?" तिने विचारलं. मी सांगितलं, पुढचे निरोप आता तुला येतील. "काहून? तुह्यावर इस्वास नाई काय आमचा?" ती हसून म्हणाली.

शुक्रवारी सकाळी वैशालीला पत्र वाचायला दिलं. तिने वाचलं. घडी घालून परत दिलं. मी पोस्टात गेलो आणि रजिस्टर केलं. त्यात एका ओळीचीही काटछाट न करता ते खाली देतो आहे.

*

सौ. सुनंदाताई,

सप्रेम जयभीम.

हे पत्र एकटीने वाच. समीक्षाला नंतर दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तू नर्सिंगचा फॉर्म भरला होतास त्या वर्षी तुझं नाव लागलं होतं. केंद्रातून माझ्या फोनवर फोन आला होता. दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत तुला मूळ कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. मी त्यांना सांगितलं की तू येणार नाहीस, तुझा विचार बदलला. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुढचं नाव घ्या म्हणालो. त्याच संध्याकाळी तू विचारलंस आणि मी फोन आला नाही म्हणालो. नंतर दोन महिने तेच म्हणालो.

आईसाठी केलं असं मी सांगणार नाही. मोर्शीची मावशी यायला तयार होती. मीच तिला नको म्हटलं होतं. तू घरी राहणं माझ्या सोयीचं होतं आणि तू माझ्या आधी नोकरीला लागशील हे मला सहन झालं नाही.

परवा बाकावर हेच सांगणार होतो. सांगितलं नाही. तू माझ्यासाठी चौथं शील मोडलं म्हणालीस. त्याच नंबरवर मी ते कधीच मोडलं होतं.

समीक्षाची जागा पक्की झाली आहे. पानाची प्रत सोबत जोडली आहे. फॉर्मवर आता तुझा नंबर आहे. फोन रोज चार्ज करत जा. तिचा कोणताही निरोप यापुढे माझ्या हातून जाणार नाही.

माझ्या फोनमधलं सिम अजून तुझ्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करण्याचा अर्ज मी केलेला नाही आणि करणार नाही. तुला ते बंद करायचं असेल तर आधार घेऊन कोणत्याही गॅलरीत जा. मला विचारावं लागणार नाही.

निळ्या फाईलमधली गुणपत्रिका काढून पुन्हा एकदा पाहा, ताई. तुझे मार्क कमी नव्हते.

संजय